आत्ना भाषेतल्या क्रियापदांचे धातू कसे शोधायचे आणि ते आले कुठून

अलास्काचा नकाशा उघडा आणि अँकरेजच्या पूर्वेला ग्लेनॅलन शोधा. तिथून थोडं खाली टॅझलिना नावाची एक नदी कॉपर रिव्हरला येऊन मिळते. टॅझलिना हे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी बसलेलं रूप, मूळ आत्ना नाव तेझ्द्लेन ना', म्हणजे वेगानं वाहणारी नदी. आता तिथून हजारो किलोमीटर दक्षिणेला या, अ‍ॅरिझोनात, नावाहो लोकांच्या मुलखात. तिथं चिनली नावाचं गाव आहे, नावाहोत ते चिनिलिँ, म्हणजे पाणी जिथून बाहेर वाहत येतं ती जागा. एक नाव हिमनदीच्या पाण्याचं, दुसरं वाळवंटातल्या दरीच्या तोंडाचं, आणि दोन्हींच्या शेवटी एकच धातू बसलेला आहे, आत्नात लेन आणि नावाहोत लिँ, अर्थ वाहणे. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती, आणि तेव्हापासून मी हे धातू वहीत जमवतोय. ते कसे जमवायचे, कुठं फसायला होतं, आणि मागे मागे जात मूळ कसं गाठायचं ते इथं सगळं सविस्तर लिहितो.

आधी भाषेची ओळख

आत्ना ही डेने म्हणजेच अथाबास्कन कुळातली भाषा, कॉपर रिव्हरच्या खोऱ्यातली. चिटिना, कॉपर सेंटर, टॅझलिना, गुल्काना, गाकोना, चिस्टोचिना, मेंटास्टा, पश्चिमेकडे कॅंटवेल, ही आत्ना लोकांची गावं. बोली चार, खालची, मधली, पश्चिमेची आणि मेंटास्टाची. भाषेचं स्वतःचं नाव क़ोह्त'ॲने क़ेनॅगे', म्हणजे माणसांची बोली. आज अस्खलित बोलणारे फार थोडे उरलेत, बहुतेक म्हातारी माणसं, आणि 2014 मध्ये अलास्का राज्यानं ज्या 20 मूळनिवासी भाषांना अधिकृत दर्जा दिला त्यात ही एक आहे.

ह्याच कुळात अलास्कातल्या डेनाइना आणि कोयुकॉन आहेत, कॅनडातल्या कितीतरी भाषा आहेत, आणि खाली नावाहो आणि अपाची. म्हणजे आत्नाचा धातू समजून घ्यायचा तर साक्षीदार भरपूर आहेत, फक्त त्यांना नीट प्रश्न विचारता आले पाहिजेत.

हाताशी काय लागेल

सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक म्हणजे जेम्स कारी यांचा 1990 चा आत्ना शब्दकोश, फेअरबँक्सच्या अलास्का नेटिव्ह लँग्वेज सेंटरनं काढलेला. तो आपल्या शब्दकोशांसारखा अख्ख्या शब्दांनी लावलेला नाही, धातूंनी लावलाय, म्हणून पहिल्यांदा उघडला की काहीच सापडत नाही आणि माणूस बंद करून ठेवतो. तसं करू नका. मागे इंग्रजीवरून आत्नाकडे जाणारी सूची आहे, सुरुवात तिथून करा. दुसरी गोष्ट म्हणजे आत्ना स्थलनामांची यादी, तीही कारी यांनीच तिथल्या जाणत्या माणसांबरोबर बसून केलेली, दोन हजारांहून जास्त नावं आहेत तिच्यात, आणि माझ्या मते नवख्या माणसासाठी ती शब्दकोशापेक्षाही चांगली सुरुवात आहे, कारण प्रत्येक नावाला जागा आहे, अर्थ आहे, आणि बऱ्याच नावांच्या पोटात एक क्रियापद आहे. तिसरं, तुलनेसाठी एखादा नावाहो शब्दकोश, कारण कुळातली सगळ्यात जास्त नोंदवलेली भाषा तीच आहे. फेअरबँक्सच्या विद्यापीठाचं अलास्का नेटिव्ह लँग्वेज आर्काइव्ह ऑनलाइन आहे, तिथं जुन्या वह्या आणि रेकॉर्डिंगची नोंद मिळते.

आणि एक वही. प्रत्येक धातूला एक पान, घाई करून दोन धातू एका पानावर कोंबू नका, नंतर तोडायला फार त्रास होतो.

पायरी पहिली: अक्षरं नीट ओळखा

ह्यावर एक आठवडा घालवलात तरी तो वाया जाणार नाही. आत्ना रोमन लिपीत लिहितात, 1970 च्या दशकात मेंटास्टाच्या केटी जॉन यांनी ह्या भाषेसाठी पहिली वर्णमाला बनवायला मदत केली (ह्याच केटी जॉन मासेमारीच्या हक्कासाठी सरकारशी कोर्टात वर्षानुवर्षं लढल्या). ह्या लिपीत दोन प्रकारचे क आहेत. एक पुढचा, आपल्या नेहमीच्या क सारखा, तो रोमन सी अक्षरानं लिहितात. दुसरा घशाच्या मागून येणारा, उर्दूतल्या क़लमसारखा, तो के अक्षरानं लिहितात. म्हणजे सी दिसली की स किंवा च म्हणायचं नाही. मी इथं मागच्या क ला नुक्ता देतोय, क़ असा.

अक्षराला ' चिकटलेलं असेल, जसं त' किंवा क़', तर ते व्यंजन श्वास अडवून झटक्यानं सोडायचं. शब्दाच्या शेवटी किंवा स्वराच्या आधी ' असेल, जसं ना' किंवा 'आन, तर आवाज घशात एकदम तोडायचा. ल्ह म्हणजे जीभ ल च्या जागी ठेवून आवाज न काढता नुसती हवा सोडायची. ॲ हा बॅटमधला, पण लांब. नुक्ता दिलेला ग़ म्हणजे घशाच्या मागे घासून येणारा ग, उर्दूतल्या ग़ज़लसारखा. आणि त्स तर आपल्याला फुकट मिळालाय, चमच्यातला च म्हणजे हाच आवाज! चहातला च मात्र आत्नात नाही, आणि ही गोष्ट पुढं एकदा कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

पायरी दुसरी: शेवटाकडून वाचा

संस्कृतात आहार, विहार, प्रहार, संहार ह्या सगळ्यांत हृ धातू आहे आणि पुढं लागणारे उपसर्ग अर्थ फिरवतात, हे आपण शाळेत शिकलोय. आत्ना क्रियापद ह्याच दिशेनं खूप जास्त लांब जातं. कर्ता, कर्म, काळ, दिशा, काम सुरू झालं का संपलं, परत परत होतंय का, हे सगळं धातूच्या आधी रांगेनं लागतं आणि धातू जवळजवळ शेवटी येतो. एक क्रियापद म्हणजे बऱ्याचदा आख्खं वाक्य. म्हणून डावीकडून सुरुवात केलीत तर उपसर्गांच्या गर्दीत हरवाल, उजवीकडून या.

उजव्या टोकाला कधी कधी एक छोटी शेपटी असते, ती आधी सोडवायची. ई लागला तर 'जे तसं करतं ते', दे लागला तर 'जिथं तसं होतं ती जागा', ने लागला तर 'तसे लोक'. मेंटास्टाचं मूळ नाव मेन्दॅस्दे, त्यातला दे हा जागेचा. कॉपर रिव्हरवरच्या बात्झुल्नेटस ह्या जुन्या मासेमारीच्या ठिकाणाचं आत्ना नाव नातॅल्ह्दे, भाजलेल्या सामनची जागा, तिथंही तोच दे.

बात्झुल्नेटस हे इंग्रजी रूपही सोडवून बघण्यासारखं आहे. 1885 मध्ये लेफ्टनंट हेन्री अ‍ॅलन नदीच्या काठानं वर गेला तेव्हा त्यानं तिथल्या प्रमुखाचं नाव असं लिहून घेतलं. खरं नाव बेत्स'उल्नी ता'. ता' म्हणजे बाप, उरलेलं 'ज्याला लोक मान देतात तो', म्हणजे पूर्ण नाव 'ज्याला लोक मान देतात त्याचा बाप'. आपल्याकडे बंड्याचे बाबा म्हणतात तशीच मुलावरून बापाला हाक मारायची रीत. ता' काढा, मग जे राहतं त्याचं शेवटचं अक्षर नी, धातू तोच. त्याच्या आधीचा ल् काय आहे ते पुढच्या पायरीत येतंय.

पायरी तिसरी: धातूच्या आधीचा पातळ पडदा काढा

धातूला चिकटून आधी एक छोटा तुकडा असतो, अभ्यासक त्याला क्लासिफायर म्हणतात, नाव जरा दिशाभूल करणारं आहे कारण तो काही वर्गीकरण करत नाही. तो चार प्रकारचा: काहीच नाही, ल्ह, द, आणि ल. आपण पडणे आणि पाडणे, बसणे आणि बसवणे करतो तसं काम ल्ह पुष्कळदा करतो. नावाहोत यिबेझ्ह म्हणजे ते उकळतंय आणि यिल्ह्बेझ्ह म्हणजे तो ते उकळवतोय, मध्ये फक्त एक ल्ह आला. द साधारणपणे उलटीकडे जातो, स्वतःवर होणं, आपोआप होणं, परत येणं, अशा अर्थांत तो सापडतो. ल मध्ये ल्ह आणि द दोघांचं मिश्रण असतं.

अडचण द ची आहे, कारण तो धातूच्या पहिल्या व्यंजनात मिसळतो. द आणि ल मिळून द्ल. आता तेझ्द्लेन बघा. शेवटी द्लेन दिसतंय, शब्दकोशात द्लेन शोधलंत तर हाती काही लागणार नाही, आणि मी असंच केलं होतं, दोन दिवस. द बाजूला काढा, लेन शोधा, लगेच सापडतो, वाहणे. असंच द आणि झ मिळून द्झ होतो, द आणि ग़ मिळून ग. म्हणून नियम असा ठेवा की धातू द्ल, द्झ किंवा ग नं सुरू होतोय असं वाटलं तर आधी त्यातून द वजा करून बघायचं.

पायरी चौथी: एकाच धातूची माणसं एकत्र करा

एक शब्द सोडवून धातू सापडला असं समजू नका, किमान तीन ठिकाणी तो दिसला पाहिजे, तोच अर्थ घेऊन. जाण्याच्या क्रियापदांपासून सुरू करा, ती सगळीकडे येतात. आत्नात एकटा माणूस जातो तेव्हा धातू वेगळा, दोघं जातात तेव्हा वेगळा, आणि बरेच जण जातात तेव्हा तिसराच. एकट्यासाठी या, दोघांसाठी 'आत्स, तिघांपासून पुढं दॅत्ल'. तेझ्या म्हणजे तो निघाला. होडीतून गेला तर पुन्हा वेगळा धातू, क़ॅन. चालत जाणं आणि वल्हवत जाणं ह्यांना जाणे हा एकच शब्द पुरेल असं नदीकाठच्या ह्या माणसांना वाटलंच नाही, आणि खरंच, तुमच्या दारातून ती एवढी मोठी, गढूळ, थंड नदी वाहत असेल तर ते दोन वेगळेच प्रकार आहेत.

मग उचलणे, ठेवणे, देणे ह्यांच्याकडे या, कुळातला सगळ्यात प्रसिद्ध भाग हाच. आत्नात 'दे' किंवा 'उचल' असा सरसकट धातू नाही, वस्तू कसली आहे त्यावर धातू ठरतो. गोळाबंद, गोट्यासारखी वस्तू असेल तर 'आन. काठीसारखी लांब कडक असेल तर तान. भांड्यात काही भरलेलं असेल तर क़ान. जिवंत प्राणी, बाळ, माणूस असेल तर तॅन, त्याच्या आधी ल्ह. अनेक वस्तू असतील तर ला. परक्या लोकांना हे फार अद्भुत वाटतं पण मराठी माणसाला एवढं वाटू नये, आपण साडी नेसतो, सदरा घालतो, बांगड्या भरतो, गजरा माळतो आणि कुंकू लावतो, आणि कुणी साडी घातली म्हटलं की आजी लगेच टोकते. फरक एवढाच की आपल्याकडे हे अंगावरच्या गोष्टींपुरतं आहे आणि आत्नात हाताळण्याची सगळी क्रियापदं अशीच चालतात. शिवाय तोच धातू वस्तू नुसती पडलेली आहे ह्यासाठीही वापरतात, म्हणजे 'टेबलावर आहे' म्हणतानासुद्धा ती गोल आहे का लांब आहे का जिवंत आहे ते सांगावंच लागतं.

ही पाच रूपं वहीत एकाखाली एक लिहा. आता लगेच लागणार आहेत.

पायरी पाचवी: धातू आणि स्टेम वेगळे करा

माझ्या मते लोक सगळ्यात जास्त इथंच चुकतात, आणि उगमाचा सगळा खेळ इथं आहे. 'आन, तान, क़ान, तॅन, चारही न नं संपतात. मग न धातूचा का? नाही. ही चारही रूपं काम पूर्ण झाल्याची आहेत, धातूपासून बनलेल्या अशा रूपालाच स्टेम म्हणतात. खूप जुन्या काळी धातूच्या मागे एक प्रत्यय लागायचा, तो धातूत विरघळला आणि त्याची ही खूण मागे उरली. म्हणून शब्दकोशात एका धातूखाली चार चार रूपं दिलेली असतात, चालू, पूर्ण, भविष्य, इच्छा, आणि त्यातही ते काम एकदाच झालं का फिरत फिरत झालं का वारंवार झालं ह्याप्रमाणं वेगळे संच.

नावाहोत हे जास्त स्वच्छ दिसतं म्हणून तिथलं उदाहरण देतो. गोळाबंद वस्तू हाताळण्याचा धातू: चालू 'आह, पूर्ण 'आँ, भविष्य 'आल्ह. भरलेल्या भांड्याचा: काह, काँ, काल्ह. बघा, अनुनासिक फक्त पूर्ण रूपात आहे, भविष्यात ल्ह आलाय, मग तिन्ही रूपांत सारखं काय उरलं? 'आ आणि का. धातू तो. म्हणून तुलना करताना एका भाषेतलं पूर्ण रूप घेतलंत तर दुसऱ्या भाषेतलंही पूर्णच घ्या, एकीकडचं भविष्य आणि दुसरीकडचं पूर्ण शेजारी ठेवून 'अरे हे तर जुळतच नाही' म्हणणं म्हणजे करीन आणि केलं ह्यांची तुलना करून कर हा धातूच नाही म्हणण्यासारखं आहे.

आत्नावर हे काम फार बारकाईनं झालंय. कारी यांनी 1979 मध्ये आत्ना क्रियापदांचे प्रकार पाडून दाखवले, गतीची क्रियापदं, स्थितीची, एकामागून एक ठोके पडल्यासारखी, वगैरे, आणि कुठला धातू कुठल्या संचात रूपं घेणार हे त्या प्रकारावरून बरंच आधी सांगता येतं. पहिल्या महिन्यात ह्यात शिरू नका, पण तिसऱ्या महिन्यात नक्की शिरा.

पायरी सहावी: बहिणींना शेजारी बसवा

आता ह्या पाच जोड्या मोठ्यानं वाचा. डावीकडे आत्ना, उजवीकडे नावाहो.

'आन – 'आँ, गोळाबंद वस्तू.
तान – ताँ, लांब कडक वस्तू.
क़ान – काँ, भरलेलं भांडं.
तॅन – तिँ, जिवंत.
लेन – लिँ, वाहणे.

प्रत्येक वेळी आत्नात शेवटी न आहे तिथं नावाहोत नाकातला स्वर आहे. एकदा झालं तर योगायोग म्हणता आला असता, पण इथं अपवादच नाही, आणि नामांतही हेच होतं, आगीला आत्नात क़ोन' आणि नावाहोत कोँ'. आता क कडे बघा, आत्नात मागचा क़ तिथं नावाहोत साधा क, क़ान-काँ मध्येही आणि क़ोन'-कोँ' मध्येही. हेच ते नियमित ध्वनिसाम्य, मूळ शोधणारा माणूस जगतो ह्याच्यावर. आपल्याकडे दन्त चं दात झालं आणि हस्त चं हात झालं, त चा थ कधी झाला आणि न कधी गळाला ते ठरावीक नियमानं झालं, म्हणून आपण म्हणू शकतो की दात हा दन्त मधूनच आलाय. तीच शिस्त इथं लावायची.

मघाशी म्हटलं होतं की आत्नात चहातला च नाही. रडणे ह्या धातूला नावाहोत चा आणि आत्नात त्सग़. जुन्या मूळ भाषेत तिथं च होता, नावाहोनं तो ठेवला, आत्नात तो त्स मध्ये मिसळून गेला. ह्याचा परिणाम असा की आत्नातला त्स बघून मूळ काय होतं ते एकट्या आत्नावरून सांगता येत नाही, दोन वेगळे जुने आवाज एकाच ठिकाणी येऊन बसलेत, त्यांना वेगळं करायला बहीण लागतेच. उलट मागचा क़ आणि पुढचा क हा फरक आत्नानं छान जपलाय. कुठल्याच एका भाषेकडे सगळं खरं नसतं, प्रत्येकीनं काहीतरी ठेवलंय आणि काहीतरी घालवलंय.

जवळच्या बहिणींनाही विसरू नका. डेनाली पर्वताला आत्नात द्ग़ेलाय के'ए म्हणतात, शेजारच्या डेनाइनात द्ग़ेलाय का'आ, दोन्हींचा अर्थ सगळ्यात मोठा डोंगर, आणि नुसतं वाचूनही कळतं की ही सख्खी शेजारीण आहे. डेनाली हे नाव मात्र कोयुकॉनमधून आलंय, तिथं त्याचा अर्थ उंच असलेला.

अशा तुलनांमधून अभ्यासक एक न लिहिलेली आजीभाषा उभी करतात, तिला प्रोटो-अथाबास्कन म्हणतात, आणि तिच्या शब्दांआधी एक तारा काढतात, हा शब्द कुणी ऐकलेला नाही, तर्कानं बांधलाय, असं सांगायला. कारींच्या शब्दकोशात बऱ्याच धातूंपाशी असे तारांकित रूप दिलंय. आधी स्वतः जोड्या लावून अंदाज बांधा आणि मगच ते बघा. आधी बघितलंत तर तुमचं डोकं चालायचं थांबतं.

कुठं फसायला होतं

माझी पहिली चूक सांगतो. आत्नात नदीला किंवा ओढ्याला ना', टॅझलिना, गाकोना, चिटिना सगळ्यांच्या शेवटी तोच. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, ना' म्हणजे आपली नदी! दोन दिवस मी हे सगळ्यांना सांगत होतो. काहीही संबंध नाही. नदी हा शब्द संस्कृतातल्या नद् ह्या, आवाज करणे अशा अर्थाच्या धातूपासून आलाय, म्हणजे त्यातला द धातूचाच आहे, आणि दोन कुळांमध्ये असं नियमित साम्य एकही दाखवता येत नाही. एक शब्द सारखा दिसणं हा पुरावाच नाही, आवाजांची रांग जुळली पाहिजे, आणि ती दहा शब्दांत जुळली पाहिजे.

दुसरा सापळा एकसारख्या दिसणाऱ्या धातूंचा. भेटल्यावर आत्नात विचारतात, न्त्स'ए दित'ॲ, कसा आहेस, ह्यात त'ॲ म्हणजे अमुक प्रकारे असणे. नदीकाठच्या लोकांचं नाव 'आत्नाह्वत'ॲने, त्यातही त'ॲ सारखंच काहीतरी दिसतं. आणि रँगल नावाचा 4,317 मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी, त्याचं नाव क़'एल्त'ॲनी, जो हवापाणी आपल्या ताब्यात ठेवतो तो, तिथंही तेच. मन लगेच म्हणतं एकच धातू. थांबा. न कुठं आहे कुठं नाही, आधी कुठला क्लासिफायर आहे, रूपांचा पूर्ण संच जुळतो का, हे शब्दकोशात एकेक करून तपासा, आणि तोपर्यंत तीन वेगळी पानं ठेवा.

ह्या डोंगराचं आणखी एक नाव आहे आणि ते फार सुंदर आहे. तो धुमसायला लागला की त्याला उक़'एलेदी म्हणतात, ज्याच्यावर धूर आहे तो. उक़'ए म्हणजे त्याच्यावर, शेवटचा ई म्हणजे 'तो', आणि मधे धूर, आत्नात ल्हेत, नावाहोत ल्हिद. शेजारचे दोन डोंगर, सॅनफर्ड आणि ड्रम, हे ह्वनीन्दी क़'एल्त'ॲनी आणि ह्वदान्दी क़'एल्त'ॲनी, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा. उत्तर-दक्षिण नाही, नदी कुठून येते आणि कुठं जाते हीच दिशा. क्रियापदांच्या उपसर्गांतही हे वर-खाली, काठाकडे-काठापासून सतत येत राहतं, म्हणून नकाशा शेजारी ठेवूनच धातू सोडवा.

तिसरा सापळा अर्थ बदलण्याचा. आत्नात कुत्र्याला ल्हिक'ॲ म्हणतात. नावाहोत त्याच ल्हि पासूनचा शब्द आज घोड्यासाठी आहे, कारण स्पॅनिश लोकांनी घोडे आणले तेव्हा ओझं वाहणाऱ्या पाळीव जनावराचं जुनं नाव त्यांना दिलं गेलं. क्रियापदांतही असं होतं, म्हणून आवाज जुळत असेल आणि अर्थ थोडा सरकलेला असेल तर लगेच टाकून देऊ नका, अर्थ का सरकला असेल ती गोष्ट शोधा. मात्र आवाज जुळत नसेल आणि अर्थ अगदी तोच असेल तर खुशाल टाका.

उसन्या शब्दांची काळजी इथं तुलनेनं कमी. रशियन व्यापारी अठराव्या शतकाच्या शेवटापासून ह्या भागात यायला लागले, नदीलाही ते तांब्याचीच नदी म्हणायचे, आणि त्यांच्याबरोबर नव्या वस्तूंची नावं आली. पण ती नामं. धातू उसना घेऊन त्याला एवढी सगळी रूपं चालवायची हे ह्या भाषेत सहसा होत नाही, म्हणून धातू सापडला की तो बहुतेक घरचाच असतो.

आणखी मागे जायचं असेल तर

कॉपर रिव्हर जिथं समुद्राला मिळते तिथं, कॉर्डोव्हाच्या आसपास, एयाक भाषा बोलली जायची. ती अथाबास्कन नाही पण त्या सगळ्यांची चुलत बहीण आहे, बाकीच्या भाषा एकमेकींपासून फुटायच्या आधीच ती वेगळी झाली होती. म्हणून एखादा धातू एयाकमध्येही सापडला तर तो प्रोटो-अथाबास्कनपेक्षाही जुना. मायकल क्राउस यांनी ती शेवटच्या काही बोलणाऱ्यांकडून लिहून घेतली. तिच्या शेवटच्या बोलणाऱ्या मेरी स्मिथ जोन्स 21 जानेवारी 2008 ला गेल्या. एकाच नदीच्या तोंडाशी ही चुलत बहीण आणि वरच्या खोऱ्यात आत्ना, हे आठवलं की मला ते रेकॉर्डिंग आणि त्या वह्या किती मोलाच्या आहेत ते परत जाणवतं.

एयाकच्याही पलीकडे ट्लिंगिट, आणि त्याच्याही पलीकडे सैबेरियातली केट. एडवर्ड वाय्दा यांनी 2008 मध्ये केटचं कुळ आणि डेने कुळ नात्यातलं आहे असं मांडलं, क्रियापदाच्या उपसर्गांची रांग हा त्यांचा एक मोठा पुरावा. काही अभ्यासकांना ते पटलंय, काहींना नाही. नवख्यानं तिकडं वाचायला जरूर जावं, पण आपल्या वहीत केटचा रकाना लगेच उघडू नये, आधी डेनाइना आणि नावाहोचे रकाने भरू द्यात.

पहिल्या महिन्याचा बेत

पहिला आठवडा फक्त आवाज. दुसऱ्या आठवड्यात स्थलनामांच्या यादीतली वीस नावं घ्या, ना' आणि दे काढा, उरलेल्यात नाम आहे का क्रियापद ते ठरवा. सगळ्यांत क्रियापद नसतं हे लक्षात ठेवा, चिटिना म्हणजे त्सेदी ना', त्सेदी हे तांबं, सरळ नाम. गाकोना ही सशाची नदी, तेही नाम. टॉनसिना म्हणजे क़ेन्त्सी ना', स्प्रूस झाडाच्या सालीच्या होडीची नदी. पण गुल्कानाचा अर्थ फाडत जाणारी नदी असा देतात, तिथं क्रियापद आहे, तिथं थांबून खोदा. तिसरा आठवडा 'आन, तान, क़ान, तॅन, ला ह्या पाच धातूंची सगळी रूपं हातानं लिहून काढायची, टाइप करून नाही. चौथ्या आठवड्यात त्यांच्या शेजारी नावाहोचा रकाना.

आणि ऐका. लिहिलेलं वाचून धातू कळतो पण त' आणि त ह्यातला फरक कानानंच पक्का होतो. आजही आत्ना लोकांच्या संस्था आणि शाळा ही भाषा मुलांना शिकवतायत, चिकलूनची या ने दाह आह शाळा त्यातलीच एक. त्यांनी सगळ्यांसाठी खुलं केलेलं जे असेल ते ऐका, आणि जे त्यांनी स्वतःपुरतं ठेवलंय, काही कथा, काही गाणी, ती मागू नका. कधी त्यांच्यापैकी कुणाशी बोलायची वेळ आली तर धातू विचारायच्या आधी आभार मानायला शिकून घ्या. त्याला त्सिन'ॲन म्हणतात, आणि त्यात च नाही, चमच्यातलाच आवाज आहे.